कपात ताटापासून सुरू करू नका: घरची बिलं कमी करण्याची माझी पद्धत

फेब्रुवारी २०२४ मध्ये यांचा ओव्हरटाइम बंद झाला. कुपवाड एमआयडीसीत मशीनवर काम. पगार होता तेवढाच राहिला, पण महिन्याला वरचे सहा-सात हजार यायचे ते थांबले. घरात आम्ही पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, अकरावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. मी घरी ब्लाउज शिवते, पण त्याचे पैसे लग्नसराईवर अवलंबून.

तेव्हा मी पहिली कपात माझ्या दुधात केली. कुणाला न सांगता कोरा चहा प्यायला लागले. भाजी सगळ्यांना वाढून उरली तर घ्यायची, नाहीतर चटणी-भाकरी. फळं आणली तर मुलांना आणि सासूबाईंना. दोन महिन्यांत उठता-बसता चक्कर यायला लागली. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. तपासण्या, गोळ्या, डॉक्टरांची फी मिळून जेवढं वाचवलं होतं त्याच्या तिप्पट गेलं. आणि त्याच महिन्यात एप्रिलचं विजेचं बिल आलं, २३८ युनिट, २,६७० रुपये. मी घोट घोट दूध वाचवत होते आणि भिंतीवरचा मीटर रात्रंदिवस पळत होता. त्याच्याकडे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं.

म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी एवढं ऐका. महागाई वाढली की बाईचा हात आधी स्वतःच्या ताटाकडे जातो, कारण तिथे कुणाची परवानगी लागत नाही आणि भांडण होत नाही. तो हात तिथून काढा. ज्या पैशातून कुणाच्या पोटात काहीच जात नाही, तिथे आधी हात घाला.

आधी एक महिना नुसतं लिहायचं

जमाखर्चाची वही मी आधीही लिहायची, पण ती 'किराणा', 'भाजी', 'इतर' अशी. त्यातून काही कळत नाही. मे महिन्यात मी शंभर पानी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'पोटात जाणारं', उजवीकडे 'आपोआप जाणारं'. डावीकडे दूध, भाजी, धान्य, अंडी, फळं. उजवीकडे वीज, गॅस, मोबाइल, केबल, पेट्रोल, खात्यातून परस्पर कापले जाणारे पैसे. औषधं मी खाली वेगळी लिहिली.

त्या महिन्यात काहीही कमी करू नका. फक्त लिहा. महिन्याच्या शेवटी आमच्या उजव्या बाजूची बेरीज डावीपेक्षा फार मागे नव्हती. यांना दाखवली तेव्हा हेही गप्प बसले. त्याआधी घरखर्च म्हटलं की यांच्या डोळ्यासमोर भाजीची पिशवी यायची.

वीज: इथे सगळ्यात जास्त सुटतं

आधी बिल वाचायला शिका. आपल्याकडे महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात: पहिले १००, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग त्यावरचे. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की युनिटचा वीज आकार दुपटीच्या पुढे जातो. बिलावर दर छापलेले असतात, ते बघा. वीज आकारावर वहन आकार (वीज आपल्यापर्यंत आणण्याचा) चढतो, कधी इंधन समायोजन आकार (वीज बनवण्याचा खर्च वाढला की लागणारा) लागतो, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. हे धरून आमचा १०० च्या वरचा प्रत्येक युनिट तेरा रुपयांच्या आसपास पडत होता.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. आमच्या गल्लीतही आहे. १०१ वा युनिट झाला की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असं नसतं. पहिले १०० स्वस्तच राहतात, फक्त वरचे महाग पडतात. त्यामुळे 'आता शंभर ओलांडलेच आहेत, काय फरक पडतो' असं म्हणू नका. उलट तिथूनच प्रत्येक वाचलेला युनिट तेरा रुपयांचा होतो.

मग कोणती वस्तू किती खाते ते शोधायचं. त्यासाठी बाजारातून काही आणायला नको. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ किती लुकलुकींना एक युनिट ते लिहिलेलं असतं, आमच्याकडे ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करायचं, एकच वस्तू चालू ठेवायची आणि मोबाइलमध्ये वेळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. हे काम मी मुलीला दिलं. ती पायरीवर बसून मोजायची आणि मी आत बटणं दाबायची. जुना पंखा: मिनिटाला चार. गीझर: शंभराच्या वर, तिला मोजताच येईना. टीव्ही बंद पण सेट टॉप बॉक्स चालू: दोन मिनिटांना एक. ऐकायला हे कमी वाटतं, पण तो डबा चोवीस तास चालू असतो. महिन्याला सात युनिट होतात.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर वायरमनला बोलवा. कुठेतरी वीज गळत असते किंवा दुसऱ्याचं कनेक्शन आपल्या मीटरवर असतं.

फ्रिज असा मोजता येत नाही, कारण तो मध्येच चालू होतो, मध्येच बंद पडतो. तो कळला गावाकडच्या लग्नामुळे. जाताना सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवला आणि रीडिंग लिहून घेतलं. बरोबर दोन दिवसांनी परत आलो तेव्हा चार युनिट झाले होते. म्हणजे कुणी दार न उघडताही दिवसाला दोन, महिन्याला साठ. आमचा फ्रिज सोळा वर्षांचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. मी दहा रुपयांची नोट दारात अडकवून दार लावलं आणि नोट ओढली. अलगद बाहेर आली. दाराचं रबर कडक होऊन गेलं होतं, थंडावा बाहेर जात होता. तुम्हीही दाराच्या चारही बाजूंना असं करून बघा, नोट अडकली पाहिजे. रबर बदलायला साडेचारशे रुपये लागले. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ काढली, बर्फ जाड व्हायच्या आत वितळवायला लागले, आतलं बटण मधल्या आकड्यावर आणलं. पुढच्या वेळी मोजलं तेव्हा दिवसाला सव्वाच्या जरा वर. साडेचारशे रुपये दोन महिन्यांत वसूल झाले.

पंखे ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट निघाली. सांगलीचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल, पंखा बंद करा असं कुणाला सांगायची सोय नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा तीसच्या आसपास. मी सगळे बदलले नाहीत. कोणता पंखा दिवसाला किती तास फिरतो ते लिहिलं आणि जे दोन सोळा-सोळा तास फिरत होते तेवढेच बदलले. एक बाहेरच्या खोलीतला, जिथे माझं मशीन आहे आणि सासूबाई असतात. दुसरा मुलं झोपतात तिथला. एक पंखा २,८०० रुपयांना पडला. एका पंख्यामागे उन्हाळ्यात महिन्याला एकवीस-बावीस युनिट कमी झाले, म्हणजे पावणेतीनशे रुपये. थंडीत पंखे बंद असतात, ते धरून सव्वा ते दीड वर्षात पैसे निघतात. स्वयंपाकघरातला पंखा दिवसातून तासभर फिरतो, तो बदलण्यात काही अर्थ नाही. आणि हा पंखा बसवताना वायरमनला सांगा की भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधून काढून सरळ जोड द्या. याचा वेग रिमोटने किंवा त्याच्याच बटणाने कमी-जास्त होतो. भिंतीवर जुना डब्यासारखा मोठा रेग्युलेटर असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: त्याने वेग कमी होतो, वीज फारशी वाचत नाही, कारण उरलेली वीज तो डबाच तापवतो.

गीझरच्या बाबतीत चूक आमच्या सवयीची होती. कुणीतरी सकाळी साडेपाचला लावायचं आणि आठपर्यंत तो तसाच राहायचा. आता पंधरा मिनिटं लावून बंद करतो आणि आंघोळी पाठोपाठ होतात. उन्हाळ्यात पहाटेच्या पाळीला हे जातात तेवढ्यापुरताच लागतो. सासूबाईंना बाराही महिने ऊन पाणी लागतं. त्यांनी स्वतःच तांब्याची घागर गच्चीवर उन्हात ठेवायला सुरुवात केली. आता त्या दुपारी दोनला आंघोळ करतात. त्यांच्या लहानपणी पलूसला असंच करायचे म्हणे.

एसी आमच्याकडे नाही, त्यामुळे त्याबद्दल मी सांगत नाही. नवी वस्तू घ्याल तेव्हा तारे मोजून थांबू नका. वस्तूवर ताऱ्यांची जी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, तो वाचा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या मालावरचे पाच तारे आणि नव्या मालावरचे पाच तारे सारखे नसतात.

एप्रिल २०२५ मध्ये आमचे युनिट झाले १३६ आणि बिल १,३१०. युनिट निम्मे झाले नाहीत, पण बिल निम्म्यावर आलं, कारण कमी झालेले सगळे युनिट महाग टप्प्यातले होते. त्या महिन्यात कुणी घामाघूम झालं नाही, कुणी अंधारात बसलं नाही.

विजेच्या आणखी लहानसहान गोष्टी आहेत. बिलावर एक लवकरची तारीख असते, त्या तारखेच्या आत भरलं तर सूट मिळते. कागदी बिल नको, ईमेलवर द्या असं कळवलं तर 'गो-ग्रीन'ची सूट मिळते. टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं) बसलेल्या घरांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या युनिटला ८० पैसे ते एक रुपया सवलत आहे, तेव्हा इस्त्री, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन त्या वेळात लावा. उन्हाळ्यात सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, त्याला घाबरू नका. तो दंड नसतो, आपल्याच नावावर जमा राहतो आणि त्यावर व्याज मिळतं. ठेव आपल्या वर्षभराच्या सरासरी बिलावरून ठरते, त्यामुळे वापर कमी झाला की तिची मागणीही कमी होते.

स्वतःची गच्ची असेल तर तिच्यावर सौर पॅनेल बसवायच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा विचार जरूर करा. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार, तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅटमधून दिवसाला चारेक युनिट निघतात. पण आधी वापर कमी करा, मग पॅनेल मोजा. आम्ही २३८ युनिट धरून पॅनेल घेतलं असतं तर गरजेच्या जवळजवळ दुप्पट पैसे अडकले असते. आमची गच्ची सामाईक आहे, त्यामुळे ते अजून ठरायचं आहे.

गॅस: टाकीवर तारीख लिहा

टाकी लावली त्या दिवसाची तारीख खडूने टाकीवरच लिहा. आमची १४.२ किलोची टाकी ३८ दिवस जायची. आता ५० ते ५२ दिवस जाते. खडूची तारीख नसती तर हे मला कधीच कळलं नसतं, कारण गॅस संपतो तेव्हा प्रत्येक वेळी 'आत्ताच तर लावला होता' असंच वाटतं.

बारा-चौदा दिवस कुठून वाढले, तर एकेका सवयीतून. तूरडाळ अर्धा-पाऊण तास भिजवूनच कुकरला लावते, हरभरे-चवळी रात्रभर. कुकरच्या तीन डब्यांत वरण, भात आणि बटाटे किंवा भोपळा एकदमच. पहिली शिट्टी झाली की आच बारीक, कारण पाणी उकळल्यावर मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ उडते. आच भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ द्यायची नाही. फ्रिजमधलं दूध, कणीक, भाजी अर्धा तास आधी बाहेर.

सगळ्यात जास्त फरक सासूबाईंच्या एका पद्धतीने पडला. भाजी फोडणीला टाकली की कढईवर खोलगट ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. ते पाणी खालच्या वाफेवर गरम होतं, भाजी करपत नाही, आणि भाजीत पाणी घालायचं तर तेच ऊन पाणी घालता येतं, म्हणजे उकळी मोडत नाही. उरलेलं पाणी कणकेला किंवा भाकरीच्या पिठाला. त्या म्हणाल्या, "चुलीला वैल असायचा गं, एका जाळावर दोन कामं व्हायची. गॅसला वैल नाही, म्हणून ताट." मी वीस वर्षं हे बघत होते आणि जुनी खोड समजत होते.

आच पिवळी दिसली, भांडी काळी झाली, तर बर्नर भरला आहे. गरम पाण्यात सोडा घालून भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, भोकं पिनेने मोकळी करा. तरी निळी झाली नाही तर शेगडी दुरुस्तीवाल्याला दाखवा. नळीवर मात्र पैसे वाचवू नका. तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदला. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले किंवा वास आला तर टाकी बंद करून, दारं-खिडक्या उघडून १९०६ ला फोन करा, विजेचं एकही बटण दाबू नका.

टाकी घेताना वजन करून मागा, तो आपला हक्क आहे. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं किंवा रंगवलेलं असतं. त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन निघतं.

किराणा: कमी नाही, वेळेवर घ्या

डाव्या बाजूला, म्हणजे पोटात जाणाऱ्याला, मी सगळ्यात शेवटी हात लावला, आणि तोही प्रमाण कमी करायला नाही, दर कमी करायला.

आपल्या आज्या उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायच्या. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून आपण ती सोडली आणि दर महिन्याला पाकिटं आणायला लागलो. पूर्ण वर्षाची नाही तर सहा महिन्यांची करा. नवी तूर जानेवारी ते मार्चमध्ये बाजारात येते, शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये. आमच्या भिशीतल्या पाच जणी मिळून आम्ही वसंतदादा मार्केट यार्डातून पन्नास किलो तूरडाळीचं पोतं आणतो आणि दहा-दहा किलो वाटून घेतो. रिक्षाभाडं धरूनही दुकानापेक्षा किलोमागे पंधरा-वीस रुपये कमी पडतात. ज्वारी जत भागातून आणतो, भिशीतल्या एकीचं माहेर तिकडे आहे.

पण साठवण नीट जमली नाही तर नुकसानच होतं. पहिल्या वर्षी माझी चार किलो डाळ गेली. मी ती उन्हातून काढून गरम गरमच डब्यात भरली. आत घाम सुटला, आषाढात झाकण उघडलं तर जाळी आणि किडे. तेव्हा: दोन कडक उन्हं द्या, मग रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. डाळीला तळहातावर एरंडेल घेऊन हलकं चोळा, शिजवताना धुतलं की निघून जातं. गव्हात आणि ज्वारीत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरांत घाला. डब्याचा तळ थेट जमिनीला टेकू देऊ नका, खाली फळी ठेवा. बोरिक पावडर घालू नका, ती पोटात जाते. आणि बेगमीसाठी कर्ज काढू नका किंवा हप्त्यावर घेऊ नका. मी भिशी लागते त्या महिन्यात करते. व्याज भरून स्वस्त डाळ घेण्यात काही हशील नाही.

तेलाची बेगमी मात्र नको. ते खवट होतं, शिवाय त्याचे भाव परदेशातून ठरतात. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आयात शुल्क वाढवलं, तेव्हा गणपती अजून उठले नव्हते. बघता बघता पिशवीचा भाव चढला. मे २०२५ अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क पुन्हा कमी केलं. घाबरून तेव्हा चार डबे भरणाऱ्यांनी महाग तेल वर्षभर खाल्लं. महिन्याचं महिन्याला घ्या.

तेलाची पिशवी घेताना ग्रॅम वाचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्या दिसायला सारख्या असतात, एकीवर ९१० ग्रॅम असतं, दुसरीवर ८५० किंवा त्याहूनही कमी. दुसरी आठ रुपयांनी स्वस्त दिसते आणि खरं तर महाग पडते. हेच बिस्किटं, साबण, चहा, कपड्यांची पावडर यांचं. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमची किंवा एका मिलीलिटरची किंमत छापलेली असते. ती बघून घ्या. माझा चष्मा आता पर्समध्येच असतो.

महिन्याचं तेल मी एकाच बरणीत काढून ठेवते. मुलगा म्हणाला, "आई, तेल मोजून घालतेस का आता?" मोजत नाही, पण बरणी डोळ्यासमोर असली की हात आपोआप आवरतो. पाच लिटर लागायचं, आता पावणेचार लागतं, आणि भाजीला तवंग नाही म्हणून कुणी तक्रार केली नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तूप आणि लोणी यांचा १२ वरून ५ वर. जुन्या आणि नव्या बिलातला दर एकदा ताडून बघा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर तर पूर्ण गेला. विमा महाग म्हणून सोडला असेल तर पुन्हा चौकशी करा.

मोबाइल, केबल आणि परस्पर कापले जाणारे पैसे

२८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून बारा नाही, तेरा वेळा करावा लागतो. चार फोनांचे चार जादा रिचार्ज. ट्रायच्या (फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा एक रिचार्ज ठेवावा लागतो, तो जाहिरातीत दिसत नाही, मागावा लागतो. सासूबाईंच्या बटणाच्या फोनला आम्ही दीड वर्ष इंटरनेटसकट रिचार्ज करत होतो. फक्त बोलणं आणि मेसेज एवढेच असलेले रिचार्ज २०२५ च्या सुरुवातीपासून मिळतात, तो केला.

तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' म्हणून एक जागा असते. ती आज उघडा. आमच्या मुलाने क्रिकेटसाठी एका महिन्यापुरतं घेतलेलं एक अ‍ॅप अकरा महिने पैसे कापत होतं. त्याला रागावले नाही, कारण खात्याचे मेसेज न वाचण्याची चूक माझी होती.

केबलवाल्याकडे जाऊन आम्ही बघतो तेवढीच चॅनेल ठेवली.

औषधं आणि प्रवास

सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचे महिन्याला ६४० रुपये व्हायचे. डॉक्टरांना विचारलं, "याच औषधाच्या जनऔषधी केंद्रातल्या गोळ्या चालतील का?" त्यांनी गोळीचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम स्पष्ट अक्षरात लिहून दिलं. आता १९० रुपयांत होतं. विचारल्याशिवाय बदलू नका, आणि पहिल्या महिन्यात बीपी दोन-तीनदा तपासून घ्या. पैसे नाहीत म्हणून गोळी एक दिवसाआड घेणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत. त्यांना हे केंद्र कुणी दाखवलं नव्हतं.

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या वरच्यांना प्रवास मोफत. सासूबाईंना घेऊन पलूसला जायचं तर आता आम्ही मोटरसायकल काढत नाही.

वाचलेलं कुठे जातं

पहिले तीन महिने मला वाटायचं, एवढं वाचतंय तर हातात काहीच का राहत नाही? वाचलेले पैसे घरखर्चाच्याच डब्यात राहिले की ते खर्चूनच जातात. आता वीज बिल भरलं की त्याच दिवशी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढते. फरक जेवढा येईल तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवते आणि पाकिटात पंधराशे झाले की पोस्टातल्या बचत खात्यात. दुसरा पंखा त्याच पाकिटातून आला. मुलाची बारावीच्या परीक्षेची फीसुद्धा.

मागच्या वर्षीचं बिल जवळ नसेल तर अडत नाही, बिलावरच मागच्या महिन्यांच्या युनिटचे उभे पट्टे छापलेले असतात.

दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी मीटरचं रीडिंग घेते आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिते. मागच्या महिन्यात आकडा अकराने वाढला तेव्हा तिनेच शोधून काढलं: मी लग्नसराईचे ब्लाउज रात्री दोनपर्यंत शिवत होते. त्या अकरा युनिटांचे तिने एकशे चाळीस रुपये धरले आणि माझ्या शिलाईच्या वहीत खर्चाच्या बाजूला लिहिले. बरोबरच केलं तिने. आता मी ब्लाउजमागे पाच रुपये वाढवून सांगते. आणि सकाळचा चहा दुधाचाच पिते, वहीत डाव्या बाजूला 'दूध, दोन लिटर' ही ओळ रोज तेवढीच असते.